मंगळवारची पाटी

कामिदानी, १२ नोव्हेंबर

कायो,

पाकिटावरचं अक्षर ओळखूनही तू हे उघडलंस, असं धरून लिहितो. जूनमध्ये गेल्यापासून तू माझा एकही फोन घेतला नाहीस. दोष देत नाही. फोनवर मी बोलतो आणि समोरच्याला ऐकावं लागतं. पत्र निदान मध्येच मिटून ठेवता येतं.

आधी कामाचं. तुमच्या तिन्ही सायकलवाटांचा निकाल तोसेच्या नगरसभेत येत्या सव्वीस फेब्रुवारीला लागणार आहे. कोळशाची वाट, मिठाची वाट आणि शाळेची वाट, तिन्ही कायमच्या बंद कराव्यात असा ठराव आला आहे. कारण म्हणून तुझ्याबरोबर वाटा बांधणाऱ्या तोमोनारीचा मागच्या मार्चमधला अपघात दाखवला आहे. त्याखाली एक वाक्य आहे: "सायकलवाल्यांनी सूचनेची फिरती पाटी वेळेत पाठवली नाही." सायकलवाल्यांनी म्हणजे तू. वाचून, शिक्का मारून पुढच्या घरी द्यायची ती पाटी तू लिहिली होतीस.

ठराव मांडणारे दोघे परवा माझ्याकडे चहाला आले होते. म्हणाले, "मास्तर, नदीवरचं धरण तुम्ही एका भाषणात थांबवलंत. तुमच्यापुढे सायकली काय चीज आहेत? तुम्ही पाच मिनिटं उभे राहा, बास." मी विचार करतो म्हणालो.

माझं मत तुला ठाऊक आहे आणि ते बदललेलं नाही. डोंगर म्हणजे जत्रेतला पाळणा नव्हे. सरकारने हा डोंगर आपल्या पणजोबांकडून काढून घेतला, तेव्हा कामिदानीच्या नऊ घरांनी अकरा वर्षं लढून तो परत मिळवला. कशाच्या जोरावर? कागद त्यांच्याकडे नव्हता. होती ती दरवर्षी हाताने दुरुस्त केलेली वाट. न्यायाधीशापुढे त्यांनी एकच गोष्ट सांगितली: जो वाट दुरुस्त करतो, वाट त्याची. हे मी चाळीस वर्षं मुलांना शिकवलं. शहरातून गाडीवर सायकली लादून यायचं, आरडाओरडा करत उतरायचं आणि संध्याकाळी नदीत चिखल धुऊन निघून जायचं, ह्याला मी हक्क म्हणणार नाही.

आणि तो दिवस! जुन्या पंचांगाच्या दुसऱ्या महिन्याची आठवी. त्या दिवशी डोंगराचा देव आपली झाडं मोजतो, आणि आत जो कोणी सापडेल तो झाड म्हणून मोजला जातो, परत येत नाही. मी देवभोळा नाही, हे तू जाणतेस. पण वर्षातला एक दिवस माणसाने डोंगराला एकटं सोडावं, ह्या नियमाला मी देवाहून जास्त मानतो. छापील दिनदर्शिकेत हा दिवस नसतो, हे खरं. ज्याची पाळी असेल तो पंचांग पाहतो, आदल्या दिवशी घरोघर तोंडी सांगतो आणि पहाटे कोळशाच्या वाटेच्या तोंडाशी दोन खांबांना पेंढ्याचा दोर बांधतो. त्या वर्षी पाळी माझी होती. मी दोर बांधला. शेकडो वर्षं बांधतात तिथेच बांधला.

तू जाताना दारात विचारलंस, "बाबा, पाटी आपल्याकडे कधी आली होती?" मी म्हणालो, सोमवारी. अपघाताच्या दुसऱ्या दिवशी. पाटीवर माझ्या शिक्क्याखालीही सोमवारच आहे.

होक्काइदोत आता बर्फ पडलं असेल. लोकरीचे मोजे वेगळे पाठवले आहेत. तिथे तू कोणाच्या डोंगरात वाटा बांधतेस ते मला माहीत नाही. पायाला ऊब असू दे.

मुराकोशी तेइजो


२ डिसेंबर

कायो,

मोजे परत आले नाहीत, म्हणून पुन्हा लिहितो.

काल देनरोकू आला होता. लोणच्याचे मुळे वाळायला मी वळचणीला बांधत होतो. आमची घरं लागून, म्हणून पाटी नेहमी त्याच्या घरापासून सुरू होते, मग माझ्याकडे येते आणि माझ्याकडून तोयो आजीकडे जाते, हे तुला सांगायला नको. तो शिडी धरून उभा राहिला. मग म्हणाला, "मुळे झकास आलेत यंदा."

"हो."

"मार्चमध्ये मी दिले होते ते कसे निघाले?"

"चांगले होते."

"मंगळवारी दिले होते."

मी दोरी ओढत राहिलो.

"मास्तर, मी गणितात ढ. तुम्हीच मला दोनदा नापास केलंत. म्हणून विचारतो हां. पाटी आणि मुळे मी एकदमच तुमच्या दारात ठेवले. मुळे मंगळवारी आले, मग पाटी सोमवारी कशी काय आली?"

मी चिडलो. खोटं बोलताना सापडलेला माणूस चिडतो तसा चिडलो. म्हणालो, "वीस वर्षं सांगतोय, शिक्क्याखाली तारीख टाक, तारीख टाक! तुझा नुसता शिक्का. एकदा तरी टाकली असतीस तर आज हा प्रश्नच आला नसता!"

"बरं झालं नाही टाकली," देनरोकू म्हणाला. "टाकली असती तर मीच खोटा ठरलो असतो. तुमचा सोमवार आणि माझा मंगळवार. लोकांनी कोणाचा वार मानला असता?"

"मग चौकशीला आले होते तेव्हा का नाही बोललास?"

"त्यांनी मला विचारलं तेव्हा तुम्ही शेजारी बसला होता, मास्तर."

एवढं बोलून त्याने शिडी नीट भिंतीला लावली आणि तो गेला. चहाला थांबला नाही. पन्नास वर्षांत पहिल्यांदा.

त्याचं शेत धरणाच्या पाण्याखाली जाणार होतं. मी तेव्हा चव्वेचाळीस वर्षांचा होतो, आणि शाळेच्या पटांगणात फळीवर उभा राहून दोन तास बोललो होतो. त्या दोन तासांचा देनरोकूला अजून विसर पडलेला नाही. त्याच आठवणीपायी त्याने चौकशीत "आठवत नाही" असं सांगितलं असणार. म्हणजे मी जन्मात केलेल्या सर्वांत चांगल्या कामानेच माझ्या खोटेपणाला पाठीशी घातलं.

तुला काय कळायचं ते कळलंच आहे. पण स्वच्छ शब्दांत लिहायला मला अजून थोडे दिवस दे.

तेइजो


१३ जानेवारी

कायो,

पाटी मंगळवारी आली होती.

मी ती दारात उभ्या-उभ्याच वाचली. तुझं अक्षर. "येत्या रविवारी सकाळी आम्ही दोघं कोळशाच्या वाटेने खिंडीपासून नदीपर्यंत सायकलने उतरून पाहणार आहोत. कोणाला अडचण असल्यास शनिवारपर्यंत कळवावं." रविवारी कुठला दिवस येतो ते मला ठाऊक होतं, कारण पंचांग मीच पाहिलं होतं. तुला ते ठाऊक असायचं कारण नव्हतं. आधी तुझी आई सांगायची. आणि सभेत सायकलवाटांविरुद्ध मी भाषण केलं, तरी सभा तू जिंकलीस, तेव्हापासून तुझं माझ्याशी बोलणं बंदच होतं. म्हणूनच तू "अडचण असल्यास" असं सगळ्यांना विचारलंस. पाटी म्हणजे तुझ्या बाजूने माझ्याशी बोलायची एकच राहिलेली जागा होती. तू विचारलंस, आणि मी उत्तर दिलं नाही.

सहा दिवस ती जोड्यांच्या फडताळावर पडून राहिली. जाता-येता दिसायची. माझ्यापुढे सात घरं होती, त्यांच्यापर्यंत ती पोहोचलीच नाही. शनिवारी तोंडी सांगायला गेलो तोही त्या नऊ घरांतच. तुझं भाड्याचं घर दहावं होतं. दिवा लागलेला होता. मी पुलावरून परत फिरलो.

आता ह्या पत्राचं खरं कारण. परवा शनिवारी मी कोळशाची वाट वरून खाली चाललो.

देनरोकूने त्याच्या छोट्या गाडीतून मला खिंडीपर्यंत सोडलं. म्हणाला, "मास्तर, चौऱ्याहत्तराव्या वर्षी हे काय खूळ?" मी म्हणालो, बघायचंय. "काय बघायचंय? जन्म गेला इथे." तो हसला आणि मग हसायचा थांबला. काठी त्याने स्वतःची दिली.

सत्तर वर्षं मी ही वाट चढलो आहे. लहानपणी पाठीवर कोळशाचं पोतं घेऊन उतरलोही, पण तेव्हा मान खाली असायची. पायाखालच्या दगडाशिवाय काही दिसत नसे. परवा पहिल्यांदा मान वर ठेवून, तुमच्यासारखा, पुढे बघत उतरलो. पातळ बर्फ होतं. त्यावर पाणी कुठून वळवलंय ते रेघेसारखं दिसत होतं. दर वीस-पंचवीस पावलांवर तुम्ही वाटेत तिरपा दगड बसवला आहे. पावसाचं पाणी तिथून दरीत निघून जातं. माझ्या वडिलांच्या हातचे असे सात दगड ह्या वाटेवर आहेत. तुमचे मी मोजायला लागलो आणि साठाच्या पुढे सोडून दिलं. दुसऱ्या वळणाचा कडा दर पावसाळ्यात ढासळायचा, तिथे चेस्टनटचे ओंडके रोवून तुम्ही बाहेरची बाजू उचलून घेतली आहे. वाटसरूंना जपणाऱ्या जिझो देवाच्या दगडी मूर्तीपाशी लाकडी फळी: "उतरा. चालत जा. नमस्कार करा." खाली सायकलचं छोटं चित्र, माझ्या शाळेत काढायचीस तसंच, चाकं अंडाकृती.

सहा वर्षं मी तुम्हाला पाहुणे म्हणत होतो. वाटेच्या दुरुस्तीच्या दिवशी कामिदानीच्या नऊ घरांतून किती माणसं येत होती, तर चार म्हाताऱ्या आणि मी. जो वाट दुरुस्त करतो, वाट त्याची. माझं वाक्य जिझोपासून खालपर्यंत माझ्या मागून चालत आलं.

मग शेवटचं वळण. देवदारांची सावली. दोन खडकांमधून वाट एकदम खाली जाते आणि तिथेच दोर बांधायचे ते दोन खांब. माझा मागच्या वर्षीचा दोर नव्हता, म्हणून मी गमछा काढून त्याच उंचीवर बांधला, परत वर गेलो आणि वळणावरून पाहिलं.

सहा पावलं. गमछा सहा पावलांवर येईपर्यंत दिसत नाही.

खालून तो नदीच्या पुलावरूनही दिसतो. शेकडो वर्षांपूर्वीचे लोक शहाणे होते. त्यांनी खालून येणाऱ्यासाठी दोर बांधला, कारण सगळे खालून यायचे. तीन पेडी, मनगटाएवढा, सुकलेल्या गवताच्या रंगाचा. मी ही वाट आयुष्यभर खालूनच पाहिली. वरून कोणी वेगाने येऊ शकतं हे मला डोळ्यांनी ठाऊक नव्हतं. पण रविवारी वरून कोणीतरी येणार आहे, हे मी मंगळवारी वाचलं होतं.

तेइजो


९ फेब्रुवारी

कायो,

तुझी चिठ्ठी मिळाली. एकच ओळ: "तोमोनारीला सांगितलंत का?"

आज सांगितलं.

जुन्या होडीघाटावरच्या दुकानात तो एक चाक हवेत धरून फिरवत होता आणि तारा एकेक आवळत होता. गळ्याभोवती दोराचा वण झाकणारा रुमाल. मला पाहून चाक थांबवलं. आवाज तुला आठवतो तसाच आहे, कोरड्या पानांवरून टायर गेल्यासारखा. जवळ वाकल्याशिवाय ऐकू येत नाही.

"मास्तर! साखळी निघाली का तुमची?"

माझ्याकडे सायकल नाही हे त्याला ठाऊक आहे. चेष्टा करत होता. मला बसायला स्टूल दिलं, किटली ठेवली. मी बसलो नाही. सभेत उभा राहतो तसा उभा राहून पाटीचं सगळं सांगितलं. सांगताना लक्षात आलं की मी आवाज चढवून बोलतोय, आणि समोरच्या माणसाला आवाज नाही.

तो म्हणाला, "मला पाटीचं माहीत नव्हतं. कागदाचं माहीत होतं."

"कुठला कागद?"

"पडलो तेव्हा आकाश दिसलं, मग तुम्ही दिसलात. तुमच्या हातात कागद होता. तुम्ही तो घडी करून खिशात घातलात."

"हे कायोला सांगितलंस?"

त्याने मान हलवली. नाही.

"का रे?"

"बाप तुम्ही आहात तिचे. ते तुम्ही सांगायचं."

मग तो परत चाकाकडे वळला. चहा त्याने ओतला, मी प्यायलो. माफी मागितली. त्यावर त्याने काही उत्तर दिलं नाही, आणि ते त्याने द्यावं असं मलाही वाटत नाही. निघताना एवढंच म्हणाला, "नगरसभेत मला बोलायला येणार नाही. मागच्या रांगेला ऐकू जात नाही."

तर आता कागदाचं.

त्या पहाटे दोर बांधून मी घरी गेलो नाही. तुमची वाट बघत तिथेच थांबलो. खांबांजवळच्या चौथऱ्यावर देवापुढे तांदळाची दारू, साके, ओतली, काड्या पेटवून हात शेकले आणि कागद काढला. त्यावर भाषण होतं. तुम्ही दोराशी येऊन थांबाल, सायकलवरून उतराल, मान खाली घालाल आणि मी बोलेन, असं मी सहा दिवस मनात रंगवलं होतं. पहिलं वाक्य अजून पाठ आहे: "ज्यांना डोंगराचा दिवस ठाऊक नाही, त्यांनी डोंगर मागू नये." चांगलं वाक्य आहे. हे एक वाक्य तुझ्या तोंडावर बोलता यावं म्हणून मी पाटी अडवून ठेवली. देवासाठी नाही, डोंगरासाठी नाही. तू मला सभेत हरवलं होतंस. मला श्रोते हवे होते.

ब्रेकचा आवाज आला. मग दुसरा एक आवाज आला, तो मी लिहीत नाही.

तू वळणावरून आलीस तेव्हा मी त्याच्याजवळ गुडघ्यांवर होतो, असं तू चौकशीत सांगितलंस. ते खरं आहे. पण त्याआधी मी कागद घडी करून खिशात घातला होता. आधी कागद, मग तोमोनारी. ह्या क्रमाचा मी रोज विचार करतो. त्याच्यावर कुठलंही भाषण मला रचता येत नाही.

तेइजो


२७ फेब्रुवारी

कायो,

काल सभा झाली. दुसऱ्या कोणाकडून कळण्याआधी सांगतो.

सभागृह भरलं होतं. तोमोनारी मागच्या रांगेत होता. अध्यक्षांनी मला पाच मिनिटं दिली. ठराव मांडणारे पुढे सरसावून बसले. एकाने तर वहीच उघडली, मास्तरांची वाक्यं टिपून घ्यायला. मी जे बोललो ते जसंच्या तसं लिहितो, कारण ह्या वेळी मी आधी लिहून नेलं नव्हतं.

"पाटी माझ्या घरी मंगळवारी, बारा मार्चला आली. मी ती वाचली. रविवार डोंगराचा दिवस आहे हे मला ठाऊक होतं. मी सांगितलं नाही आणि पाटी पुढेही दिली नाही. नंतर शिक्क्याखाली खोटी तारीख टाकली. पाटी वेळेत निघाली होती. माझ्या मुलीची काही चूक नव्हती, तोमोनारीची नव्हती. चूक माझी."

मी खाली बसलो. अध्यक्ष घड्याळ बघून म्हणाले, "मास्तर, तुमची अजून चार मिनिटं शिल्लक आहेत."

मी म्हणालो, "नकोत."

मग गलका झाला. एक जण ओरडला, "वर्षभर पोरीच्या नावाने बोंब मारली आम्ही! तोंडं कुठे लपवायची आता?" दुसरा म्हणाला, मास्तरांचं वय झालं, भ्रम झाला असेल. ह्यावर देनरोकू उठला. सभेत तो जन्मात बोललेला नाही. टोपी हातात चुरगाळत म्हणाला, "भ्रम-बिम काही नाही. पाटी मीच दिली, मुळ्यांबरोबर. मी पण गप्प बसलो, मला पण धरा. आणि वाटा बंद करायचं म्हणताय, तर एक सांगा. दुरुस्तीच्या दिवशी सहा वर्षं कोण आलं? माझा पोरगा आला? अध्यक्ष, तुमचा आला? ही सायकलवाली पोरं आली. फावडी त्यांची, घाम त्यांचा. मास्तरांनीच शाळेत शिकवलंय, जो दुरुस्त करतो त्याची वाट. मी गणितात ढ होतो, पण हे ध्यानात ठेवलंय."

ठरावातून तुझ्यावरचं वाक्य काढून टाकलं. मिठाची वाट आणि शाळेची वाट चालू राहतील. कोळशाच्या वाटेचं काय करायचं ते तोमोनारीने ठरवावं, असं झालं. त्याने हात हलवून आज नको असं दाखवलं.

बाहेर तोयो आजी भेटल्या. एक्क्याण्णव वर्षांच्या आहेत, कोणाची भीड ठेवत नाहीत. म्हणाल्या, "तेइजो, तुझी भाषणं चाळीस वर्षं ऐकली. दर वेळी डुलकी लागायची. आज जागी होते." मग काठी माझ्या पायावर टेकवली, चांगली जोरात. "पाटी माझ्याकडे आली असती तर मी त्याच घटकेला फोन केला असता पोरीला. मला आठवी तोंडपाठ असते."

हे मला माहीत होतं. म्हणूनच तर ती पुढे दिली नव्हती.

आज सकाळी पोलीसचौकीत जाऊन जबाब बदलून आलो. पुढे काय होईल ते होईल. दुपारी दोन जुने विद्यार्थी पुलावर समोरून आले आणि दुसऱ्या कडेने गेले. बरोबर केलं त्यांनी.

ठरावातलं वाक्य काढून टाकलं म्हणून तुझं वर्ष परत येत नाही, हे मला कळतं. स्वतःच्याच आठवणीवर शंका घेत तू होक्काइदोला गेलीस. ती शंका मी तुझ्या मनात घातली, दारात उभं राहून, तुझ्या डोळ्यांत बघत. तुझी आठवण बरोबर होती.

तेइजो


८ मार्च

कायो,

काल डोंगराचा दिवस होता.

पाळी माझ्याकडून काढून देनरोकूला दिली आहे. माझ्याकडे फक्त पाटी लिहायचं काम आलं. "अक्षर तेवढं तुमचं चांगलं, बाकी काही नको," असं देनरोकू म्हणाला. मी लिहिलं: "शुक्रवारी, सात मार्चला डोंगर बंद. पायी, सायकलने, वरून, खालून, कोणीही जाऊ नये." ह्या वर्षीपासून पाटीची एक प्रत होडीघाटावर सायकलच्या दुकानातही लागते.

परवा, गुरुवारी, आम्ही दोर कुठे बांधायचे ते ठरवायला वर गेलो. देनरोकू, मी आणि तोमोनारी. बोलावलं देनरोकूने होतं. तोमोनारी येईल असं मला वाटलं नव्हतं. सायकल घेऊन आला. अपघातानंतर कोळशाच्या वाटेवर पहिल्यांदा. खिंडीपाशी तो बराच वेळ हँडल धरून उभा राहिला. आम्ही दुसरीकडे बघत राहिलो.

आता दोर दोन्हीकडे बांधायचा. खाली खांबांपाशी, आणि वर वाट सुरू होते तिथेही. शिवाय कोणी मधल्याच पायवाटेने वाटेवर आला तर त्याला शेवटच्या वळणावरचाही वेळेत दिसायला हवा, म्हणून तो वळणाच्या वर घ्यायचा, पांढऱ्या कापडाच्या पट्ट्या लावून. पण किती वर? हे मला कळणार नव्हतं आणि देनरोकूलाही नाही. ते सायकलवर बसलेल्या डोळ्यांनाच कळतं. तोमोनारी हळूहळू वरून यायचा, आणि आम्ही दोघं दोराची दोन टोकं धरून झाडांमध्ये उभे. त्याला ओरडून सांगता येत नाही. म्हणून ठरलं: दोर दिसला की त्याने घंटा वाजवायची.

पहिल्यांदा घंटा वाजली तेव्हा तो आमच्यापासून दहा पावलांवर होता. त्याने मान हलवली, हाताने वर दाखवलं. आम्ही दोर वर नेला. दुसऱ्यांदा पंधरा. पुन्हा वर. तिसऱ्यांदा देनरोकू कुरकुरला, "अरे, असंच चाललं तर दोर खिंडीतच न्यावा लागेल!" चौथ्यांदा मी झाडाला टेकून उभा होतो, दोराचं टोक हाताला गुंडाळलेलं, आणि वळणापलीकडून अजून कोणी दिसत नव्हतं. नुसतं देवदारांत वारं. आणि मग लांबून, फार लांबून, घंटा. एकदाच. स्वच्छ.

"इथे," देनरोकू म्हणाला. मी गाठ मारली. तोमोनारीने येऊन ती पुन्हा आवळली.

उतरताना मी त्याला विचारलं, कोळशाच्या वाटेचं काय ठरवलंस? तो म्हणाला, "वाट दोघांनी बांधली. एकट्याने कसं ठरवायचं?"

तुला ये म्हणायचा हक्क मला नाही, आणि मी म्हणत नाही. त्याने जे म्हटलं ते तुझ्यापर्यंत पोचवणं माझं काम आहे, म्हणून लिहिलं. ह्यापुढे माझ्या दारात आलेली कुठलीही गोष्ट पुढे गेल्याशिवाय राहणार नाही.

ह्या पत्रासोबत पाटीच पाठवतो आहे. प्रत नाही, पाटीच. पुठ्ठ्याचा कोपरा दुमडला आहे, त्याला इलाज नाही. कागदावर नऊ चौकोन असायचे. ह्या वर्षी दहा आहेत. दहाव्यात तुझं नाव आहे, देनरोकूच्या वाकड्या अक्षरात. मी लिहायला घेतलं होतं, त्याने पेन काढून घेतलं. त्याच्या स्वतःच्या चौकोनात बघ: जन्मात पहिल्यांदा तारीख टाकली आहे त्याने, आणि वर्षसुद्धा, आणि सकाळ की संध्याकाळ तेसुद्धा. तोयो आजींनी शिक्क्याबरोबर "वाचलं" असं लिहिलं आहे, एवढं मोठं की शेजारच्या चौकोनात गेलं आहे.

माझा शिक्का दुसरा. पाटी माझ्याकडे चार मार्चला आली, मंगळवारी, दुपारी. त्याच दुपारी पुढे गेली.

तुझा चौकोन रिकामा आहे. शिक्का मारायची घाई नाही. नाही मारलास तरी पाटी तुझ्याकडेच राहू दे. पण मारलास, तर ज्या दिवशी ती तुझ्या हातात पडली, त्याच दिवसाची तारीख टाक.

बाबा